ओळ खरी आहे, पण तिने सिद्ध काय होतं?

परवा एका मैत्रिणीने तिचा लेख वाचायला पाठवला, बालकवींच्या 'औदुंबर'वरचा. ही कविता माझी फार लाडकी, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लगेच उघडला आणि तिसऱ्या परिच्छेदातच अडकले. तिथे वाक्य होतं: 'हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे' या ओळीतून कवीला लागलेली मृत्यूची ओढ स्पष्ट दिसते. मी ते चार-पाच वेळा वाचलं. ओळ कवितेत आहे, शब्दन् शब्द बरोबर उतरवलाय. मृत्यूची ओढ हा अर्थही काही जगावेगळा नाही, या आठ ओळींवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय आणि त्यात मृत्यूचं नाव बऱ्याचदा निघालंय. पण ओळ आणि अर्थ या दोघांच्या मधे काय आहे, तर फक्त "स्पष्ट दिसते". कुणाला दिसते, कशामुळे दिसते, काळा डोह म्हणजे मृत्यूच कशावरून, नुसता खोल पाण्याचा डोह का नाही, यातलं एक अक्षरही तिथे नव्हतं.

मला हे इतकं लागलं कारण जवळपास हेच वाक्य मी स्वतः लिहिलंय. कॉलेजात असताना याच कवितेचं रसग्रहण लिहून दिलं होतं, आणि त्यात माझा सगळा भर एका अवतरणावर होता, 'काळिमा पसरी लाटांवर', म्हणजे मृत्यूची छाया. मॅडमनी वही परत दिली तेव्हा त्या अवतरणाभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि बाजूला तीन शब्द, "गोड कुठे गेला?" मी पुस्तक उघडून बघितलं. 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.' खरंच, 'गोड' गाळला होता मी. मुद्दाम नव्हता गाळला. ओळ शाळेपासून पाठ होती आणि तरी लिहिताना तो एक शब्द हातातून उतरला नाही, कारण तो माझ्या मुद्द्यात बसत नव्हता. त्याची मला तेव्हापासून भीती वाटत आलीय. खोटं बोलायची गरजच पडत नाही, आपले डोळेच आपल्या सोयीचं तेवढं वाचतात.

साहित्यात पुरावा वगैरे काय, ही काय कोर्टकचेरी आहे का, ज्याला जे भावलं ते त्याचं, असं बरेच जण म्हणतात. भावलं ते भावलं, पूर्ण मान्य. एखादी कविता वाचून मला रडू येतं याला पुरावा लागत नाही आणि कुणी मागूही नये. पण "ही कविता मृत्यूबद्दल आहे" असं लिहिलं की मी माझ्याबद्दल बोलत नसते, कवितेबद्दल बोलत असते, आणि कविता तर समोर हजर आहे, तिला विचारता येतं. तिला न विचारता तिच्या नावावर काहीही खपवणं मला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर कवितेवर प्रेम असेल तर विचारावंसं वाटतंच.

आता कविताच समोर घेऊ. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे

पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

'काळ्या डोहाकडे' घ्या. यावरून मृत्यू म्हणायचा तर मी आधी स्वतःला एक प्रश्न विचारते, समजा ही कविता मृत्यूबद्दल अजिबात नसती, नुसतं एका जागेचं चित्र असतं, तरी हे दोन शब्द इथे आले असते का? आले असते की. डोह काळाच दिसतो, खोल पाणी काळंच दिसतं, आपण रोजच्या बोलण्यातही काळाशार डोह म्हणतो. म्हणजे मृत्यू असो वा नसो, शब्द तेच राहतात. मग ते शब्द मृत्यूचे साक्षीदार कसे होतील? दोन्ही बाजूंना सारखंच बोलणारा साक्षीदार कुणाच्याच कामाचा नसतो. माझ्या मते साहित्यातला पुरावा तपासायचा हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे, की ही ओळ माझ्या म्हणण्याला चालते का एवढंच न बघता ती उलट म्हणण्यालाही तितकीच चालली असती का हे बघायचं. पहिल्या प्रश्नाला उत्तर जवळजवळ नेहमी "हो" येतं, म्हणून तर तो प्रश्न निरुपयोगी.

आणि 'गोड काळिमा' तर त्याहून अवघड प्रकरण आहे. व्याकरण नीट लावून बघा. झाकळुनी जळ, गोड काळिमा पसरी लाटांवर... पसरतो कोण? शेवटच्या ओळीतला औदुंबर. म्हणजे ही काळिमा त्या झाडाची सावली आहे, पाण्यावर पडलेली. मी कॉलेजात 'मृत्यूची छाया' लिहिलं तेव्हा ही साधी छाया माझ्या लक्षातही आली नव्हती, डोळ्यासमोरचं झाड सोडून मी थेट यमापर्यंत पोचले होते. याचा अर्थ मृत्यूचा अर्थ बाद झाला असं नाही, सावली म्हणजे सावली असूनही ती आणखी काही असू शकते, कविता असंच तर करते. पण आता त्या अर्थाला जास्त कष्ट करायला लागतील, आणि मुख्य म्हणजे 'गोड'चा हिशेब द्यावा लागेल. गोड मृत्यू म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग "ओढ" का, "भीती" का नाही, "विसावा" का नाही, हे त्या एका शब्दावरून ठरणार, आणि तो शब्द गाळून तर नाहीच ठरणार.

मग या कवितेबद्दल काय म्हणता येईल, काहीच नाही का? पुष्कळ म्हणता येतं. एकदा मी नुसते रंग क्रमाने लिहून काढले. हिरवाळी, निळासावळा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, आणि मग काळिमा. सहाव्या ओळीत हिरवा आणि काळा एकाच ओळीत येतात आणि त्यानंतर हिरवा पुन्हा येत नाही. हे मी ठरवलेलं नाही, कागदावर आहे, कुणीही मोजू शकतं. नुसतं जागेचं चित्र काढायचं असतं तर रंगांची ही रांग अशीच लागायला हवी होती असं काही नव्हतं, आधी डोह दाखवून मग कुरणं दाखवता आली असती. म्हणून "कविता हिरव्याकडून काळ्याकडे सरकत जाते" हे विधान मी छातीठोकपणे करीन. ते मृत्यूच्या विधानापेक्षा लहान आहे, पण त्याचे पाय जमिनीवर आहेत.

पाय म्हटलं म्हणून अजून एक. ही गोष्ट मला फार उशिरा दिसली. या कवितेत गाव आहे, घरं आहेत, शेतमळे आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही. पायवाट माणसांच्या पायांनी पडते ना, पण इथे ती आपली आपणच 'पडे' आणि 'चालली'. आणि सगळ्या कवितेत ज्याला पाय आहेत असा एकच जण आहे, औदुंबर, तो पाय पाण्यात सोडून बसलाय. पायवाटेवर पाय नाहीत आणि झाडाला पाय आहेत! यावरून मी म्हणेन की माणसाने जिथे असायला हवं होतं तिथे कवीने झाड बसवलंय. यापुढे मी जाणार नाही. कवीला माणसांचा कंटाळा आला होता, समाजापासून दूर जायचं होतं, असं कुणी याच निरीक्षणावरून लिहिलं तर मी थांबवीन, कारण चित्रात माणूस नसणं आणि चित्रकाराला माणूस नकोसा असणं यात बरंच अंतर आहे.

तसाच एक अर्थ म्हणजे औदुंबर हा विरक्त योगी. औदुंबर दत्ताचं झाड, त्यामुळे हे मनात येणारच, आणि तेव्हाच्या वाचकाच्याही मनात आलं असेल हे मी मानते. पण ते झाडाबद्दलचं आपलं ज्ञान झालं, कवितेतली साक्ष नव्हे. कवितेत देव नाही, पादुका नाहीत, ध्यान नाही, मिटलेले डोळे नाहीत. आहे काय, तर पाण्यात पाय टाकून बसणं. आता पाण्यात पाय टाकून कोण बसतं? योगी बसेल, पण रिकामपणी लहान मूलही बसतं आणि दमलेला वाटसरूही बसतो. तेव्हा योगी म्हणायचा तर त्या मुलाला आणि वाटसरूला आधी उठवायला पाहिजे, म्हणजे ते का नाहीत हे सांगायला पाहिजे. बहुतेक लेखांमध्ये हेच होत नाही. आपला अर्थ मांडतात, दुसऱ्या अर्थांना जणू अस्तित्वच नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी ही कविता माझ्या भाच्याला वाचून दाखवली होती, नाव न सांगता, कवीचंही नाव न सांगता. त्याला कवितांचं फारसं वेड नाही म्हणूनच त्याला विचारलं की तुला काय दिसतं. तो म्हणाला, दुपार आहे, कडक ऊन आहे. मी म्हटलं ऊन कुठे आहे रे, ऊन हा शब्दच नाही. तर म्हणाला, अगं मावशी, सावली गोड कधी वाटते? मी गप्पच झाले. कवितेत नसलेली गोष्ट त्याने कवितेतल्या शब्दाच्या जोरावर उभी केली होती, आणि 'गोड'ला जागा देणारा हा अर्थ माझ्या मृत्यूपेक्षा जास्त भक्कम होता. पुरावा म्हणजे गोष्ट शब्दशः लिहिलेली पाहिजे असा माझा हट्ट अजिबात नाही, हे सांगायला हे उदाहरण मला नेहमी आठवतं. लिहिलेल्यावरून न लिहिलेल्याकडे जायला वाट पाहिजे, आणि ती वाट दुसऱ्याला दाखवता आली पाहिजे, इतकंच.

मैत्रिणीच्या लेखात पुढे आणखी एक आधार होता, तो म्हणजे बालकवींचं आयुष्य. जन्म १३ ऑगस्ट १८९०, मृत्यू ५ मे १९१८, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली. सत्तावीस वर्षं. वाचताना पोटात कालवतं, आणि मग त्यांच्या प्रत्येक काळ्या शब्दात आपल्याला ती रेल्वे ऐकू यायला लागते. पण थांबून बघा की घडतंय काय. कविता आधी लिहिलीय, मृत्यू नंतर आलाय, आणि आपल्याला दोन्ही एकदम माहीत असल्यामुळे आपण उलटीकडून वाचतोय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की कावळ्याच्या वजनाने फांदी तुटली असं वाटतंच. मी अशा वेळी मनातल्या मनात कवी बदलून बघते. हीच कविता ऐंशी वर्षं सुखाने जगलेल्या, नातवंडं खेळवलेल्या एखाद्या कवीची असती तर याच ओळीत मला मृत्यूची चाहूल ऐकू आली असती का? उत्तर "नाही" येत असेल तर तो अर्थ ओळीतून आलेला नाही, चरित्रातून आलाय, आणि मग तसं कबूल करून लिहायला हवं. चरित्र वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. कविता लिहिण्याच्या काळातलं पत्र असेल, वहीतला पहिला खर्डा असेल, त्याच महिन्यात लिहिलेली दुसरी कविता असेल, तर ते नक्की आणा. पण मृत्यूची तारीख हा कवितेच्या अर्थाचा पुरावा होत नाही.

आता याच्या बरोबर उलट टोकाचं विधानही बालकवींबद्दलच ऐकू येतं, की ते आनंदाचे, निसर्गाचे, बालमनाचे कवी. पुरावा काय, 'आनंदी आनंद गडे', 'श्रावणमासी हर्ष मानसी', 'हिरवे हिरवे गार गालिचे'. तिन्ही खरे. पण या तीन कविता आपल्याला का माहीत आहेत हेही विचारायला हवं. शाळेच्या पुस्तकांनी त्या आपल्यापर्यंत आणल्या, आणि शाळेचं पुस्तक करणारा माणूस दहा वर्षांच्या मुलासाठी निवडत असतो, त्याला हर्षच हवा असतो. शितावरून भाताची परीक्षा करतात ती सगळी शितं एकाच भांड्यात एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून. कवीच्या कविता अशा नसतात, आणि त्यातही कुणीतरी आपल्यासाठी आधीच वेचून ठेवलेल्या असतील तर मग परीक्षा भाताची होत नाही, वेचणाऱ्याची होते. त्याच बालकवींचा 'पारवा' काढून बघा:

भिंत खचली कलथून खांब गेला
जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा
तिच्या कौलारी बसुनि पारवा तो
खिन्न नीरस एकांतगीत गातो

यात कुठला आनंद? तरीपण इथेही घाई नको. 'पारवा' दाखवला म्हणून "बालकवी आनंदाचे कवी" हे विधान खोटं ठरलं असं नाही, "बालकवी फक्त आनंदाचे कवी" हे खोटं ठरलं. सगळी गंमत त्या 'फक्त'मध्ये आहे. नेहमी, कधीच, केवळ, संपूर्ण, प्रत्येक, हे शब्द लिहिताना आपल्याला जोर आल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात ते विधानाला इतकं मोठं करून ठेवतात की मग दोन ओळींच्या आधारावर ते उभंच राहत नाही. मी मित्रमैत्रिणींचे ड्राफ्ट वाचताना आधी हे शब्द शोधते. बऱ्याचदा 'नेहमी'च्या जागी 'या दोन कवितांत' घातलं की लेख एकदम खरा वाटायला लागतो.

अर्धीच ओळ उचलण्याचा प्रकार तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. 'नाठाळाचे माथी हाणू काठी.' तुकोबा किती कडक होते, संत असूनही कसे ठोकून काढायची भाषा करायचे, हे सांगायला ही ओळ हमखास येते, भाषणात येते, पोस्टरवर येते, फॉरवर्डमध्ये येते. पण अभंगाची सुरुवात काय आहे? 'मेणाहूनि आम्ही मऊ विष्णुदास, कठिण वज्रास भेदूं ऐसें.' म्हणजे पहिल्याच ओळीत मऊ आणि कठीण एकत्र. मग कडव्याकडव्याला तेच, आईबापाहून मायाळू आणि शत्रूहून घातक, आमच्यापुढे अमृत काय गोड आणि विष काय कडू. आणि शेवट? 'तुका म्हणे आम्ही अवघेचि गोड, ज्याचें पुरे कोड त्याचेपरि.' अवघेचि गोड! जो जसा येईल त्याला तसे आम्ही, असं सगळ्या अभंगाचं म्हणणं आहे. काठी त्यात आहे, ती कुणी काढून टाकू नये, तुकोबांना गुळगुळीत करायचा उद्योगही तितकाच चुकीचा. पण काठी ही एका तराजूच्या एका पारड्यात आहे, आणि पारडं तोडून आणून हे बघा वजन असं म्हणता येत नाही.

याच ओळीत अजून एक धडा आहे. आपण 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' म्हणतो, पण गाथेच्या छापील प्रतींमध्ये 'कासेची' नाही, तिथे 'गांडीची' आहे, आणि पुढेही 'नाठाळाचे काठी देऊं माथां' असा पाठ आहे. लोकांच्या तोंडी ओळ स्वच्छ झाली, सुटसुटीत झाली. आता कुणी 'कासेची' या शब्दावरून तुकोबांच्या सभ्य, संयत भाषेवर दोन परिच्छेद लिहिले तर? तो पुरावा तुकोबांच्या भाषेचा नसून आपल्या लाजेचा होईल. म्हणून शब्दाच्या जोरावर मुद्दा उभा करायचा असेल तर आधी प्रत बघायची, पाठभेद बघायचा, आठवणीतून लिहायचं नाही. मी 'गोड' गाळला तो आठवणीतून लिहिल्यामुळेच. आणि आता तर कुणाच्याही नावावर कुठलीही कविता फिरत असते, तेव्हा ओळ मुळात त्या कवीची आहे का इथपासून सुरुवात करावी लागते.

वृत्तावरून भाव काढायचा मोहही मला स्वतःला फार होतो म्हणून थोडक्यात लिहिते. केशवसुतांची 'आम्ही कोण म्हणूनि काय पुससी' शार्दूलविक्रीडितात आहे, ताठ मानेची कविता, आणि वाघाचं नाव असलेलं वृत्त, मग झालंच, वृत्तातच तो दरारा आहे असं लिहायला हात शिवशिवतात. पण 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' ही सरस्वतीची प्रार्थनाही त्याच वृत्तात आहे, आणि तिथे हात जोडलेले आहेत. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. वृत्त तेच, दरारा एकीकडेच. तर मग तो दरारा कुठून आला? 'काय पुससी' या दोन शब्दांतून, त्या उलट प्रश्नातून. वृत्त त्याला साथ देतंय, निर्माण करत नाहीये. असा एक उलटा नमुना शोधायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं न दिल्यामुळे मी पूर्वी पानंच्या पानं वाया घालवलीत.

कादंबरीबद्दल लिहिताना तर माणसं "नाही"ची विधानं बिनधास्त करतात. अमुक काळाच्या कादंबरीत बाई स्वतः बोलतच नाही, वगैरे. "आहे" म्हणायला एक उदाहरण पुरतं, "नाही" म्हणायला सगळं वाचावं लागतं, आणि तरी कुणीतरी एक उदाहरण आणून ते पाडू शकतं. एकोणिसाव्या शतकाबद्दल असं म्हणाल तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' समोर उभी राहते, १८९०च्या दशकात 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली, आणि ती पहिल्यापासून यमूच्या, म्हणजे नायिकेच्याच, तोंडून आहे, मी, मला, माझं असं. झालं, विधान पडलं. पण ते पडल्यावर मला जास्त बरं वाटतं, कारण आता खरा प्रश्न विचारता येतो, की हा 'मी' लिहिणारा पुरुष आहे, तर तो आवाज किती यमूचा आणि किती हरिभाऊंचा? त्यात पुन्हा नवी घसरगुंडी आहे. यमू एखाद्या ठिकाणी जे म्हणते ते हरिभाऊंचं मत म्हणून कोट करता येत नाही. पात्र बोलतं तेव्हा पात्र बोलतं. लेखकाचं मत हवं असेल तर गोष्ट कुठल्या दिशेला वळवलीय, कुणाला शिक्षा होते, कुणाचं दुःख किती पानं चालतं, कोणाचं बोलणं खोडायला दुसरं पात्र आणलंय, हे सगळं बघावं लागतं, आणि ते एका अवतरणात मावत नाही. अवतरणचिन्हं घातली की पुरावा झाला ही समजूत कधी आणि कशी पडली कोण जाणे, पण ती फार खोल रुजलीय. परीक्षेत ओळी कोट केल्या की मार्क मिळायचे, त्याचा थोडा हात असावा त्यात असं मला वाटतं.

तर मैत्रिणीला मी हे सगळं लिहिलं नाही, फोन केला. म्हटलं, अगं, तुझ्या त्या वाक्यात 'स्पष्ट दिसते' आहे ना, ते काढून तिथे दोन वाक्यं लिही, ओळीपासून अर्थापर्यंत तू कशी गेलीस त्याची. लिहिता आली तर ठीक, नाही आली तर अर्थ सोड नाहीतर लहान कर. ती थोडी चिडली. म्हणाली, म्हणजे मृत्यू म्हणायचंच नाही का आता, तुम्ही लोक कवितेचा जीव घेता. मी म्हटलं, म्हण ना, मला तो अर्थ नको आहे असं थोडंच आहे, पण 'गोड'ला बरोबर घेऊन म्हण, आणि त्या सावलीला टाळून जाऊ नकोस. मग तिला भाच्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, थांब, बघते.

दोन दिवसांनी नवीन ड्राफ्ट आला. रेल्वेचा परिच्छेद तिने पूर्ण काढलाय. तिसऱ्या परिच्छेदात आता असं आहे: हिरव्यातून निघालेली पायवाट काळ्या डोहापाशी येऊन थांबते, आणि तिथला काळोख कवीला गोड वाटतो, तो काळोख एका झाडाची सावली आहे हे लक्षात घेतलं तर शेवटाकडे बघण्याची ही नजर भ्यालेली वाटत नाही. त्यापुढे नवीन ओळीवर, "मला इथे मृत्यू आठवतो." 'मला' आणि 'आठवतो' हे दोन्ही शब्द तिने आपणहून घातलेत, मी सुचवलेले नाहीत. मला ते वाचून खूप आनंद झाला. फक्त 'थांबते' या शब्दाभोवती मी गोल केलाय, कारण कवितेत पायवाट डोहाकडे 'चालली' आहे, ती थांबली असं बालकवींनी कुठेच म्हटलेलं नाही.